लहान मुलांची थेरपी केंद्रं आणि पालक: आपण नुसतं बाकड्यावरच बसायचं का?

चिंचपान

नमस्कार. विषय मोठा आहे, जरा निवांत वाचा. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसतो), दोन्ही पाय कडक. वेळेआधी जन्मला, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिला आणि तिथल्या डॉक्टरांनी वेळेत सिव्हिलच्या डीईआयसीकडे पाठवलं, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, सुरुवात आपल्या पालघरलाच झाली होती. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांची टीम येते, जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, वाढीतला उशीर असं सगळं १८ वर्षांपर्यंत तपासतात आणि ज्या मुलाला पुढे थेरपी लागते ते या केंद्रात येतं. फिजिओ, स्पीच, मानसशास्त्रज्ञ, डोळे, दात, विशेष शिक्षक सगळं एका छताखाली आणि फुकट. योजना खरंच चांगली आहे आणि आमच्या फिजिओ मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पण मला तिथल्या बाकड्यावर काय चालतं त्याबद्दल लिहायचंय. मागच्या महिन्यात एक अगदी तरुण मुलगी आली होती, मांडीवर नऊ-दहा महिन्यांचं बाळ, मान अजून धरत नव्हतं. नंबर यायला वेळ म्हणून ती त्याला भरवत होती, आडवं धरून, मान मागे टाकून, वरणाचं पाणी चमच्याने वरून सोडत, आणि बाळ प्रत्येक घोटाला ठसकत होतं. सासू शेजारून म्हणत होती की याची नाटकंच फार. तिथे आमच्यातलीच एक आई बसली होती, तिची मुलगी आता पाच वर्षांची आहे. ती उठली, बाळाला स्वतःच्या मांडीवर ताठ बसवलं, त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवली, गुडघे दुमडले, हनुवटी किंचित खाली, वरणात भात कुस्करून घट्टसर केला, आणि चमचा समोरून खालच्या बाजूने आत नेऊन जिभेवर हलकाच दाबून थांबली. बाळाने ओठ मिटले, गिळलं, ठसका नाही. सासूबाई बघतच राहिल्या आणि मग त्यांनीच विचारलं, "मला दाखव गं परत."

त्या बाईला हे शिकवलं होतं केंद्रातल्याच स्पीच मॅडमनी. त्यांचं कंत्राट संपलं, पद तेव्हापासून रिकामं. म्हणजे त्या दिवशी भरवणं-गिळणं नीट कळणारी एकच व्यक्ती त्या इमारतीत होती आणि ती बाकड्यावर नंबर लावून बसली होती!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. आणि जिथे मूल सहा महिन्यांचं असताना येतं, जिथे घरी काय होतं यावरच सगळं अवलंबून, तिथे पालकाला कोणी विचारत नाही. डीईआयसीच्या पदांच्या यादीत बालरोगतज्ज्ञापासून दातांच्या तंत्रज्ञापर्यंत सगळे आहेत, पालक नाही. मला वाटतं ज्यांनी दोन-तीन वर्षं यातून काढलीयेत त्यांच्यातल्या काही जणांना नीट शिकवून, मानधन देऊन, नव्या पालकांसोबत बसायला नेमावं आणि केंद्राच्या निर्णयात त्यांचं मत असावं. कोणी असं केलंय का? सुरुवात कुठून करायची?

खडीसाखर

अगदी अगदी! ज्याचं जळतं त्याला कळतं. मला डाउन सिंड्रोम म्हणजे काय हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा एक शब्द डोक्यात शिरला नव्हता, मग एका दुसऱ्या आईने फोनवर तासभर बोलून "आधी बाळाला जवळ घे, हार्टची टूडी इको करून घे, बाकीचं नंतर" असं सांगितलं तेव्हा कुठे मी जेवले. तिचा नंबर मला वॉर्डातल्या आयाबाईने दिला होता. वाचतेय.

वडाचापार

चांगला धागा. माझी मुलगी आता चाळिशीत आहे, त्यामुळे थोडं मागचं सांगतो.

पालकांनी पुढे होणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली ती वकील दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली, आता तिला अडाप्ट म्हणतात, त्यांच्या मुलीला मालिनीला सेरेब्रल पाल्सी. दिल्लीत ॲक्शन फॉर ऑटिझम उभी करणाऱ्या मेरी बरुआ पण आईच. बदलापूरचं आधार पालकांनीच उभं केलं. १९९५ ला परिवार नावाचा देशभरातल्या पालक संघटनांचा महासंघ झाला आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात (ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व असलेल्यांसाठीचा) तर न्यासाच्या मंडळावर पालक संघटनांच्या तीन जागा कायद्यानेच ठेवल्या.

पण हे सगळं बघितलेला माणूस म्हणून एक गोष्ट खटकते. आमच्या पिढीच्या संघटनांच्या बैठकीत विषय कायम एकच, आमच्या माघारी काय. कायदेशीर पालकत्वाचा दाखला, वसतिगृह, कायमचा निवारा. विषय बरोबरच आहे, पण त्यामुळे बैठकीला येणारे सगळे साठीचे, आणि एक-दोन वर्षांच्या मुलाची आई आली की तिला पहिल्याच दिवशी पन्नास वर्षांनंतरची काळजी ऐकायला मिळते, ती पुन्हा येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी बैठक हवी, वेगळी वेळ, आणि त्या बैठकीत आमच्यासारख्यांनी कमी बोलावं. नेतृत्व तयार व्हायचं तर ते त्या पहिल्या तीन वर्षांतच रुजतं, मूल १५ चं झाल्यावर माणूस थकलेला असतो.

निळीशाई

मी थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. मुलगी चार वर्षांची, ऑटिझम. नोकरी अर्धवेळ करून घेतली, घरी येऊन ओटीचा (ऑक्युपेशनल थेरपी) घरचा अभ्यास, स्पीचचा घरचा अभ्यास, मग झोपताना ब्रशिंग (अंगावर मऊ ब्रश फिरवायचा), त्यात कुणी पाहुणा आला की "तू हिच्याशी बोलतच नसशील, म्हणून बोलत नाही". थेरपिस्टनी आम्हाला अर्धं थेरपिस्ट केलंच आहे, आता सरकारने आम्हाला कार्यकर्ते पण करायचं? रिकामी पदं भरायची सोडून "पालक आहेत की" म्हणतील. हे नक्की होणार, लिहून ठेवा. आणि पालक म्हणताना आपण आईच म्हणतोय, बाबा लोक धाग्यावर इतिहास सांगायला येतात फक्त. (वडाचापार काका, तुम्हाला नाही म्हणत.)

वडाचापार

मला म्हटलं तरी चालेल, बरोबर आहे तुमचं. मुलीला शाळेत न्यायचं काम आमच्या घरी हिनेच केलं.

चिंचपान

निळीशाई, राग कशाला, हेच बोलायला हवं. मी म्हणतेय ते थेरपिस्टच्या जागी आई असं अजिबात नाही. त्या बाईने भरवायला दाखवलं ते चांगलंच झालं पण त्या बाळाला खरंतर स्पीचवाल्या तज्ज्ञाकडून गिळण्याची तपासणी हवी, ठसका लागून न्युमोनिया होऊ शकतो. पद भरा ही मागणीसुद्धा कोणीतरी लावून धरावी लागते ना, एकेकटी आई गेली तर "बघू, वर कळवलंय" ऐकून परत येते. आणि मानधनाचं मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, फुकट राबायला बोलावलं तर मी पण जाणार नाही.

हातमोजा

मी फिजिओथेरपिस्ट, काही वर्षं एका डीईआयसीत आहे, कुठल्या ते नको. आमची बाजू लिहितो. आठवड्यातून एकदा पाऊण तास मूल माझ्याकडे असतं. कधी कधी पंधरा दिवसांनी, कारण एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडते. उरलेला सगळा वेळ घरी. पूर्वी मी व्यायामाचा कागद द्यायचो, दहा चित्रं, दिवसातून तीनदा. कोणाच्याच्याने होत नव्हतं. मग एका पालकसभेत एका वडिलांनी सरळ विचारलं, सर आमच्या घरी सकाळी काय असतं हे तुम्ही कधी विचारलंय का. त्यानंतर मी कागद बंद केला. आता आधी विचारतो की उठल्यापासून काय काय होतं आणि त्यातल्याच गोष्टी धरतो: कपडे घालताना बाळाला मांडीवर कडेला बसवून वजन एका बाजूला घेणं, अंघोळीला बादली धरून उभं करणं, आई भाकरी करताना मुलाला कोपऱ्यात भिंतींच्या आधाराने बसवून समोर पाट ठेवून वाटी-चमचा देणं. निळीशाई ताई, तुमच्या दोन-तीन घरच्या अभ्यासांपैकी निम्मं असं दिवसात विरघळवता येतं का हे तुमच्या ओटीला नक्की विचारा, तो तुमचा हक्क आहे.

पालकांनी पालकांना शिकवण्याबद्दल. बांगलादेशात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या पालकांसाठी गटात शिकायचं साहित्य तयार झालं, त्यातून पुढे युगांडात बेबी उबुंटू नावाचा कार्यक्रम उभा राहिला. तिथे गट चालवतात दोघं, एक आरोग्य कर्मचारी आणि एक अनुभवी पालक, बरोबरीने. ऑटिझमसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं पालक कौशल्य प्रशिक्षण आहे, नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी, ते तर तज्ज्ञ नसलेल्या माणसांनी शिकवावं अशाच पद्धतीने बांधलंय. म्हणजे नमुने आहेत. आमच्यासारख्यांची अडचण खरी सांगू का, पालक प्रश्न विचारायला लागले की आमच्यातल्या काहींना ते उलट बोलणं वाटतं. ते आमच्या प्रशिक्षणातच बदलायला हवं.

एडिसनची_माई

न्यू जर्सीतून लिहितेय. माझ्या मुलाचं निदान इथे दोन वर्षांचा असताना झालं. इथे १९८६ पासून केंद्र सरकारच्या कायद्यात शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी वेगळा भाग आहे, त्याला आता पार्ट सी म्हणतात. थेरपी करणारे घरी येतात आणि आराखडा कुटुंबाचा असतो, नुसता मुलाचा नाही. पहिल्या भेटीत बाईने विचारलं तुम्हाला काय हवंय, मी म्हटलं त्याने चालावं, ती म्हणाली ते तर आहेच, पण तुमचा दिवस कशाने सोपा होईल. मी म्हटलं मला डायपर बदलताना तो इतका ताठ होतो की दोन माणसं लागतात. ते आराखड्यात पहिल्या क्रमांकाला लिहिलं गेलं.

चिंचपान, तुमच्या मुद्द्याचं सांगायचं तर प्रत्येक राज्यात या सेवांची एक समन्वय परिषद असते आणि कायद्यानेच तिच्यात किमान २० टक्के पालक हवेत, मुलं १२ वर्षांपर्यंतची, आणि त्यातला निदान एक तरी सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचा पालक. हे वय घातलंय ते महत्त्वाचं आहे, वडाचापार काका म्हणतात तेच, नाहीतर जुनेच लोक खुर्चीत राहतात. शिवाय राज्याराज्यांत पालकांना कायदा शिकवणारी केंद्रं आहेत, आमच्याकडे स्पॅन नावाची संस्था, तिथे शिकवणाऱ्या बऱ्याच जणी स्वतः आयाच. सगळं गोड नाही हां, इंग्रजी न येणाऱ्या आज्यांना परिषदेत कोणी विचारत नाही आणि तीन वर्षं पूर्ण झाली की मूल शाळेच्या खात्यात जातं, सगळी माणसं बदलतात, त्या वळणावर आधी गेलेल्या पालकाचा जितका उपयोग होतो तितका कशाचाच होत नाही.

पाटाचंपाणी

मी अंगणवाडी सेविका. मोबाईलवर टाईप करतेय चुका समजून घ्या. शहरातले लोक सिव्हिलचं बोलतात पण बाळ सिव्हिलपर्यंत जातं का हा आमचा प्रश्न. आशाताई बाळंतपणानंतर घरी जाते, तिसऱ्या सातव्या चौदाव्या एकविसाव्या अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, नंतर तीन महिन्यांनी एकदा असं पंधरा महिन्यांपर्यंत. तिला कळतं की बाळ मान धरत नाही, नजर देत नाही. ती सांगते. घरचे म्हणतात याचा बाप पण उशिरा चालला होता, आणि सून गप्प बसते कारण बोलली तर दोष तिच्याच पोटाला. तिथे मी शंभरदा सांगितलं तरी मी सरकारी बाई. पण आमच्या गावात एक आई आहे तिच्या मुलाला ऐकू येत नव्हतं आता मशीन लावून बोलतो, तिला मी सोबत नेलं, तिचा मुलगा तिथे अंगणात ओरडून "आजी पाणी" म्हणाला, त्या घरातली आजी दुसऱ्या दिवशी स्वतः तयार झाली जायला.

अंगणवाडीत दिव्यांग मुलांसाठी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने प्रोटोकॉल काढला, ओळखायचं, सामावून घ्यायचं, पुढे पाठवायचं. चांगलं आहे. त्यात ह्या आयांना माझ्यासोबत फिरायचे पैसे मिळाले तर फार काम होईल. अजून एक, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आमच्या ग्रामसभेत त्या आईने उठून विचारलं ते पैसे कुठेत. पहिल्यांदा कोणी विचारलं. लहान मुलांसाठी कधी काही मागितलंच जात नाही, मोठ्यांनाच वाटप होतं.

खडीसाखर

ताई, साष्टांग नमस्कार तुम्हाला.

निळीशाई

पाटाचंपाणी ताईंचं वाचून माझं मत थोडं हललं. "पैसे मिळाले तर" हे मात्र लाल अक्षरात लिहा कोणीतरी.

तिसराडोळा

मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय ३४, बँकेत नोकरी. पालकांनी पुढे यावं, मनापासून पाठिंबा. पण इतक्या प्रतिसादांत ज्याला ते अपंगत्व आहे असा माणूस बोललेला नाही म्हणून लिहितोय. लहानपणी माझ्या आईने मला चालवायचंच ठरवलं होतं, दिवसाचे तास त्यात गेले, कॅलिपर, पट्टे, रडारड. आठवीत व्हीलचेअर मिळाली आणि मी पहिल्यांदा मित्रांसोबत मैदानाच्या टोकापर्यंत गेलो. आईवर राग नाही, तिला दुसरं काही सांगणारं कोणी भेटलंच नाही. तुमच्या गटात, नव्या पालकांच्या पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, एक मोठा झालेला दिव्यांग माणूस असू द्या. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या घरी खुणांची भाषा बोलणारा कर्णबधिर माणूस गेला तर आईबापाला दिसतं की हे मूल मोठं होऊन कसं असेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, सगळ्यांचं एका साच्यात नाही बसत, पण निदान बोलवा.

चिंचपान

तिसराडोळा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नुसतं पाहुणे म्हणून नको, गट चालवणाऱ्यांतच एक जागा तुमच्यासारख्यांची हवी. लिहून घेतलं.

साखळीपूल

बाबा लोकांच्या वतीने. मुलगी कर्णबधिर, सहा वर्षांची. श्रवणाचा नियम असा की एका महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत मशीन आणि शिकवणं सुरू. आमचं निदानच दोन वर्षांनी झालं, कारण ज्या खाजगी दवाखान्यात जन्म झाला तिथे ओएई (नवजात बाळाच्या कानांची) तपासणी होतच नव्हती. पुढे बांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेतून माहिती मिळाली, एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) पाच वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, होतं हे तिथे कळलं.

माझं काम काय तर मी माहितीचा अधिकार वापरला. आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, एवढाच अर्ज. उत्तर आल्यावर तो कागद घेऊन पाच पालक गेलो. आवाज चढवला नाही कोणी, फक्त कागद टेबलावर ठेवला. श्रवणतज्ज्ञाची जाहिरात निघाली पुढे. एकट्याने गेलो असतो तर निघाली असती असं मला वाटत नाही. बाबा लोकांना एक सांगतो, थेरपीचं जमत नसेल तर कागदाचं काम घ्या अंगावर, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय आरोग्य विमा, अर्ज, पाठपुरावा. ऑफिसमधे तेच करतो की दिवसभर.

आरोग्यदीप७७

ऑटिझम, सीपीवर स्टेम सेलने खात्रीशीर सुधारणा, पालकांनी इनबॉक्स करा.

हातमोजा

वरचा प्रतिसाद संपादकांनी कृपया उडवावा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ऑटिझमवर किंवा सेरेब्रल पाल्सीवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर कोणी पैसे घेऊन देत असेल तर ते चूक आहे. चिंचपान ताई, गटाचा पहिला नियम हाच करा, कुठल्याही क्लिनिकची, औषधाची, कोर्सची जाहिरात नाही. निदान झालेल्या पहिल्या महिन्यात माणूस घर गहाण टाकायला तयार असतो, त्या वेळी चुकीचा अनुभवी पालक भेटला तर तोच त्याला खड्ड्यात नेतो. म्हणून म्हणतो, अनुभव पुरेसा नाही, शिकवावं लागेल: काय बोलायचं, काय बोलायचं नाही, "माझ्या मुलाला याने फरक पडला" हे सल्ला म्हणून द्यायचं नाही, दुसऱ्याचं निदान तिसऱ्याला सांगायचं नाही, आणि आई फारच खचलेली दिसली तर तिला कोणाकडे न्यायचं.

एडिसनची_माई

+१. ऐकून घ्यायला शिकवणं सगळ्यात अवघड. आम्हाला सरावात नुसतं गप्प बसायला लावायचे.

चिंचपान

सगळ्यांचे आभार. तर मी असं ठरवलंय. आमच्या केंद्रात येणाऱ्या, ज्यांची मुलं तीन ते सहा वर्षांची आहेत अशा आठ घरांशी बोलले, सहा तयार आहेत, त्यात दोन बाबा. ओपीडीच्या एका ठरलेल्या दिवशी दोघं-दोघं बसू, एक टेबल आणि दोन खुर्च्या मागणार आहोत, बाकड्याच्या बाजूलाच. हातमोजा सर म्हणतात ते प्रशिक्षण आमच्या फिजिओ मॅडम आणि मानसशास्त्रज्ञ द्यायला तयार आहेत. पैशाचं अडलंय. मानधन कुठून मागायचं आणि केंद्राच्या बैठकीत बसायला अर्ज कुणाकडे?

साखळीपूल

अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे. सिव्हिलला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या निधीतून बसण्या-जाण्याचा खर्च मागता येईल, तिच्यात एक पालक सदस्य घ्या हे पण त्याच अर्जात लिहा. प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना, २०१६ च्या कायद्यात जिल्हास्तरीय समिती आहे, तिचा उल्लेख करा. सगळ्या सहा घरांच्या सह्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलायचं नाही.

पाटाचंपाणी

गावातून येणाऱ्या आयांचं एसटी भाडं त्याच्यात घाला ताई. नाहीतर सहाही जण शहरातलेच होतील.

चिंचपान

बरोबर, आत्ता सहातले पाच शहरातलेच आहेत. भाड्याचा मुद्दा पहिला घालते. सोमवारी अर्ज देणार, मसुदा उद्या रात्री इथेच टाकते, निळीशाई तुम्ही मानधनाचा परिच्छेद लिहून द्याल का?

निळीशाई

देते. रविवारी दुपारपर्यंत, मुलगी झोपली की.